उभी जमीन

कान तपासायच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. भिंतींना जाड अस्तर आहे. दार लावलं की रस्ता, गाड्या, अख्खं डेन्व्हर शहर बंद होतं आणि माणसाला स्वतःचं आवंढा गिळणं ऐकू येतं. त्या सकाळी आत एक म्हातारे गृहस्थ हेडफोन चढवून बसले होते आणि काचेच्या अलीकडे मी एकेक सूर बारीक करत, ते बटण कधी दाबतात ते बघत होते. एवढ्यात खिशातला फोन थरथरला. शेल्बी होती, आमची जमीन जिच्याकडे विकायला दिलीय ती दलाल. "रोंडा, तुझ्या बाबांनी हेही गिऱ्हाईक पळवलं," ती म्हणाली. "तो बिचारा नुसतं एवढंच म्हणाला, काय छान वारा आहे हो इथे. तर तुझे बाबा म्हणतात, ह्याच वाऱ्यानं आधीच्या मालकाच्या बायकोला वेड लागलं. आता मी काय बोलू, सांग!" मला हसू फुटलं. काचेपलीकडे बघितलं तर ते गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईने बटण दाबत होते. त्यांना वाटलं, ही हसतेय म्हणजे सूर वाजलेला दिसतोय.

त्यांची तपासणी मी पुन्हा पहिल्यापासून केली. पण हसू ओसरल्यावर आत जे उरलं ते मला आवडलं नाही. मला बरं वाटलं होतं. गिऱ्हाईक पळालं म्हणून मला बरं वाटलं होतं, आणि वाटायला नको होतं. जागा विकायची कल्पना माझीच. मागच्या हिवाळ्यात बाबा गुरांच्या हौदापाशी बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. शेजारच्या मॅव्हिसबाईंना लांबून दिसलं की ब्रूसेथांच्या, म्हणजे आमच्या, गाई अजून कुंपणाला नाक लावून उभ्या आहेत, म्हणजे त्यांना वैरण पडलेली नाही, म्हणजे व्हर्लिनचं, म्हणजे बाबांचं, काहीतरी बिनसलं आहे. त्या आल्या म्हणून बाबा आहेत. मॉन्टानातल्या त्या डोंगरात, रस्त्यापासून इतक्या आत, ऐंशी ओलांडलेल्या माणसाने आणखी एक हिवाळा एकट्याने काढणं म्हणजे मरणाला घरचं आमंत्रण देणं. हे मी डॉक्टरांसमोर म्हटलं, बाबांसमोर म्हटलं, डेन्व्हरच्या मैत्रिणींसमोर तर जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा म्हटलं की ते माझं पाठच झालं. हार्लन गावात बिनपायऱ्यांचं एक छोटं घर बघून ठेवलं आहे. बर्फ पडायच्या आत रँच विकला गेला तर बाबा तिथे जातील, नाहीतर वरच राहतील. हे सगळं ठाऊक असताना त्या फोनवर माझ्या आत काहीतरी टुणकन उडी मारून उठलं होतं. वासरू उठतं तसं, आधी मागच्या पायांवर.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण जगात बाकी सगळीकडे खरी असेल. आमच्या खोऱ्यात ती उलटी चालते. आमच्याकडे दुसऱ्याच्या घोड्याला देखणा म्हणायचं, आपल्याला खेचर म्हणायचं. दुसऱ्याचं गवत बघून टोपी मागे सारायची, आपल्या गवताबद्दल विचारलं तर "भिजलंय जरा" म्हणायचं, मग ते हाडासारखं कोरडं का असेना. गाई किती आहेत हे तर कुणी कुणाला विचारतच नाही, आणि परगावच्या कुणी विचारलंच तर "आहेत थोड्या". शेजारी ग्लेन हॅगर्टीची गुरं डोंगराची अख्खी कूस काळी करतात, पण त्याच्याही "आहेत थोड्या". आई सफरचंदाचा भाजलेला पै टेबलावर ठेवताना "खालून जळलाय बाई" म्हणायची आणि लोक बोटं चाटत दुसरा तुकडा घ्यायचे. यात नजरबिजर लागायचं काही नाही. आपलं आपण चांगलं म्हणणं म्हणजे भर चर्चमध्ये शर्ट काढून दंड दाखवण्यासारखं, इतकं साधं आहे ते. शाळेत असताना मी हाताने वाढवलेला गोऱ्हा जिल्ह्याच्या जत्रेत पहिला आला. निळी फीत लावून त्याला मी फिरवत होते. बाबा कठड्याला टेकून उभे होते. हॅगर्टी म्हणाला, "व्हर्लिन, तुझ्या पोरीला गुरं कळतात हां." बाबा म्हणाले, "यंदा बाकीच्यांची आजारी असतील." मी ते ऐकलं. आमच्यातली रीत मला चांगली ठाऊक होती, तरी त्या रात्री जेवताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग पुढे डेन्व्हरला आले. इथे लोक स्वतःच्या मुलांचं, स्वतःच्या फ्रिजचं, स्वतःच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं कौतुक करतात. मीही शिकले. नोकरीच्या मुलाखतीत "माझा हा गुण फार चांगला आहे" असं मी सरळ बघून म्हणू शकते. दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं वाटतं, पण चालता येतं.

"तू ये," शेल्बी म्हणाली होती. "सिएटलहून ऑकली म्हणून नवराबायको येतायत. यांच्यानंतर कुणी येईल असं मला वाटत नाही, थंडी तोंडावर आलीय. तू त्यांना जागा दाखव आणि तुझ्या बाबांना काहीही करून घरात बसव. हात जोडते." तशी मी रजा काढून निघाले. दिवसभर गाडी चालवत होते. वायोमिंगमधला तो सपाट, रिकामा पट्टा संपत नाही, रेडिओ खरखरतो, आणि मन आपोआप खोऱ्यात पुढे जाऊन बसतं. मी मनात जे बोलत होते ते बाबांशी. बाबा, तुम्हाला विकायचं नसेल तर तसं सांगा ना. गिऱ्हाइकांना वेड्या बाया कशाला दाखवता? मी येईन ना. मी येईन म्हणजे काय, हे मात्र मनातसुद्धा पुढे नेत नव्हते. तिथे जाऊन राहीन? माझ्या वयाला, माझ्या पाठीला, पहाटे कुडकुडत गाईच्या पोटातून वासराचे पाय ओढायला? तरी ते "मी येईन ना" तोंडात गोळीसारखं घोळवत मी अख्खा वायोमिंग ओलांडला.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी शेल्बीने पाटी लावली होती. मोठा डोंगरी गुरांचा रँच, सोबत मौजेची जमीन. मौजेची म्हणजे ती वरची, जिला आम्ही उभी जमीन म्हणतो. खाली ओढ्याकाठी गवताची शेतं, त्यावर गुरांची कुरणं, आणि त्याच्याही वर कड्यापर्यंत नुसती चढण, खडक, फरची झाडं आणि एक लहानसं तळं. गाय तिथे गेली तर एकतर पाय मोडून घेते नाहीतर निळ्या फुलांचं ते विषारी झुडूप खाऊन फुगते. आजोबांनी खालची जमीन घेतली तेव्हा ती वरची गळ्यात पडली, नुसती कुणी घेतलीच नसती. बाबा दर वर्षी तिचा कर भरायचे आणि तिला शिव्या द्यायचे. आई मात्र उन्हाळ्यात रविवारी दुपारी भांडी आटोपून वर जायची. "जाऊन येते," एवढंच म्हणायची. मी मागे लागले तर "तुला कंटाळा येईल गं," म्हणायची आणि एकटीच चालू लागायची. आमच्या घरात कुणी उगीच कुठे जात नसे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. आता त्याच जमिनीपायी लोक विमानाने येत होते आणि खालच्या गवताकडे ढुंकून बघत नव्हते.

बाबा स्वयंपाकघरात बीन्स गरम करत होते. काठी टेबलाला टेकवलेली. मी आत गेले तर म्हणाले, "आलीस? गाडी बारीक आवाज करतेय तुझी." त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाही, हे मी स्वतः त्यांचे कान तपासून ठरवलं आहे, ट्रॅक्टरने ते कधीच खाल्ले. गाडी वाजतच नव्हती. पण आल्याआल्या काहीतरी बोलायला हवं ना. आम्ही जेवलो. बाहेर अजून उजेड होता, पश्चिमेचा कडा तांबूस झाला होता. खिडकीतून बघत बाबा म्हणाले, "मौज म्हणजे नेमकं काय करतात गं लोक तिथे?"

"चढतात, बाबा. शिकार करतात. मासे धरतात आणि परत सोडतात."

"परत सोडतात?" त्यांनी जरा विचार केला. "मग धरतात कशाला?"

मी हसले आणि त्याच हसण्याच्या आडोशाने विचारून टाकलं. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला विकायचं नाहीये ना?" वायोमिंगभर घोळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी काय करून बसले असते, देव जाणे.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "विकायचं नाही? अगं, मी आराम खुर्चीचं माप लावून आलो. हार्लनच्या घरात ती खिडकीपाशी बसते. समोर बेकरी आहे. ती पोरगी दालचिनीचे रोल करते, चालत जाऊन आणता येतात. हॅगर्टी बुधवारी दाढी करायला गावात येतो, येईल पत्ते खेळायला." त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता, शाळेच्या सहलीची गोष्ट सांगणाऱ्या मुलासारखा. "मला थंडी वाजते, पोरी. पूर्वी वाजायची नाही. आता कोटाच्या आतून वाजते."

"मग गिऱ्हाइकांना वेडी बाई कशाला सांगता?"

"तो म्हणाला वारा छान आहे."

"मग?"

"मग काय हो म्हणू? माझ्या तोंडानं? माझ्या जागेला?" ते खरंच चक्रावले होते. "तुला ठाऊक नाही का? की डेन्व्हरमध्ये डोक्यावर पडलीस?"

मला ठाऊक होतं. म्हणजे त्यांच्या मनात खोट नव्हती, नुसती रीत होती. बीन्सच्या वाडग्यात चमचा फिरवत मी बसले आणि मला लख्ख कळलं की या घरात जमीन सोडवत नाही असं एकच माणूस आहे आणि ते रजा काढून आलेलं आहे. तीस वर्षं मी इथे फक्त नाताळला आले, तेही प्रत्येक नाताळला नाही. पण मी शहरात कुणाच्या तरी कानात बारीक सूर सोडत असताना इथे ओढ्याला पाणी आहे आणि कुणीतरी ते शेतात वळवतं आहे, याच्या भरवशावर मी ती तीस वर्षं काढली. तो भरवसा मी बाबांच्या मोडक्या खुब्यावर टेकवून ठेवला होता. हे कळून मी शहाणी झाले असं मात्र नाही. नुसती लाज वाटली, आणि रात्री माझ्या जुन्या खोलीत मला गाढ झोप लागली.

ऑकली नवराबायको भली माणसं निघाली. मला ती चालू, गुळगुळीत, नव्या कोऱ्या काउबॉय टोपीची असायला हवी होती, म्हणजे काम सोपं झालं असतं. पण मिस्टर ऑकली ओढ्यापाशी उतरून आधी हात धुऊन आले आणि म्हणाले, "थंडगार आहे हो!" आणि त्यांची बायको ज्युडिथबाई प्रत्येक वेळी मान किंचित डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून ऐकत होत्या. डावा कान गेलेला. मी न सांगता त्यांच्या उजव्या बाजूला चालू लागले, सवयच आहे ती. बाबांना मी बजावलं होतं की घरात बसा. त्यांनी कबूलही केलं होतं. पण निघताना ज्युडिथबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही का येत? तुमच्याशिवाय कसं बघायचं?" पाहुण्या बाईला नाही म्हणणं आमच्यात त्याहून वाईट. बाबा माझ्याकडे बघून पुटपुटले, "तोंड उघडणार नाही," आणि पिकअपमध्ये पुढे चढून बसले. शेल्बीने डोळे मिटून घेतले.

बाबांनी शब्द पाळला. गुडघ्यांवर हात ठेवून, ओठ मिटून, चर्चमध्ये बसल्यासारखे ते सगळी कुरणं पार होईपर्यंत बसून राहिले. गाई बघून मिस्टर ऑकलींनी विचारलं, "किती आहेत?" बाबांच्या मानेची शीर ताणली, पण ते गप्प राहिले. मीच म्हणाले, "आहेत थोड्या." रस्ता संपला तिथून तळ्यापर्यंत आम्ही सावकाश चढलो, बाबा काठी टेकत सगळ्यांच्या मागून. तळं निवांत होतं. अस्पेनच्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. पलीकडच्या झाडीतून एक एल्क ओरडला. एवढं घोड्याएवढं हरीण, आणि आवाज शिट्टीसारखा बारीक, वर चढत जाणारा. मिस्टर ऑकली जागच्या जागी उभे राहिले. ज्युडिथबाईंना ऐकू आलं की नाही कळलं नाही. बाबांना तर येणं शक्यच नव्हतं, त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओरडला का?" मी मान हलवली. ते समाधानाने दगडावर बसले.

"इथे हिवाळ्यात कसं असतं?" मिस्टर ऑकलींनी मला विचारलं. साधा प्रश्न होता. शेल्बीने याचं उत्तर मला गाडीत पढवून ठेवलं होतं: शांत, पांढरं, स्वप्नासारखं. मी तोंड उघडलं. "दुपारीच सूर्य कड्यामागे जातो," मी म्हणाले. "मग नुसता अंधार. बर्फ जूनपर्यंत हटत नाही. रस्ता बंद होतो. जूनमध्ये हटलं की डास. मासे म्हणाल तर बोटाएवढे, काट्यांचेच. अस्वलं येतात. परवाच एकानं कचऱ्याचा डबा नेला." माझाच आवाज मला हेडफोनमधून आल्यासारखा दुरून ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता. शेल्बी माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या हातात दगड असता तर मी आज हे सांगायला नसते. त्या क्षणी माझ्या तोंडून आमची रीत बोलत होती, की न सुटणारी माझी मूठ, ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकाच सुरात बोलतात. "आणि वारा," मी म्हणाले. "वाऱ्याचं तर विचारूच नका."

ऑकली नवराबायकोंनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला कळलं. आता ते नम्रपणे खाली उतरतील, कॉफी घेतील, कळवतो म्हणतील आणि बर्फ पडेल. बाबा हौदापाशी जातील. पण बोललेलं परत कसं घेणार?

"तसं काही नाही," बाबा म्हणाले.

ते दगडावरच बसले होते, टोपी गुडघ्यावर. "हिचं ऐकू नका. जागा चांगली आहे ही." चांगली हा शब्द स्वतःच्या जागेसाठी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडताना जरा अडखळला, मग रस्ता सापडल्यासारखा मोकळा झाला. "दुपारी सूर्य जातो खरा, पण जाताना त्या समोरच्या भिंतीवर असं ऊन टाकून जातो की खाली दिवे लावायची घाई होत नाही. मासे लहान आहेत, पण गोड. इथे गाई चढत नाहीत, म्हणून इथे काम नसतं. मी तिला रविवारी इथे भेटायला यायचो. म्हणजे एलेनला, माझ्या बायकोला. ती पुढे यायची, मी जरा वेळानं दुसऱ्या वाटेनं. घरात कामं पडलेली असताना दोघांनी मिळून निघायचं म्हणजे बरं नाही दिसत ना. इथे या दगडामागे वारा लागत नाही. आम्ही झोपायचो इथे. नुसते झोपायचो, टोप्या तोंडावर घेऊन." त्यांनी ज्युडिथबाईंकडे बघितलं. "तुम्हाला आवडेल. पाणी गोड आहे. या डोंगरात मी याच्यापेक्षा चांगली जागा पाहिली नाही."

माझ्या आईवडिलांना असं चोरून भेटायची जागा होती, आणि मी घरात बसून भांडी पुसत होते आणि मला वाटत होतं आई एकटी जाते. मला हसावं की काय करावं कळेना. मग दुसरी गोष्ट कळली आणि ती सावकाश, पायांतून वर येत कळली. बाबांना मी असं बोलताना पूर्वी ऐकलं होतं. हॅगर्टीच्या घोड्याबद्दल ते असं बोलायचे, मॅव्हिसबाईंच्या गवताबद्दल, असंच मोकळेपणाने, हात पसरून, काही राखून न ठेवता. म्हणजे बाबा दुसऱ्याच्या जागेबद्दल बोलत होते. मिस्टर ऑकलींनी अजून होकार दिला नव्हता, कागद दूरच राहिले, पण त्या दगडावर बसल्या बसल्या बाबांनी जमीन देऊन टाकली होती. माझी मूठ मग मी कशावर आवळून बसणार? मी तळ्याकडे बघितलं आणि ते मलाही सुंदर दिसलं. मी तसं मोठ्याने म्हणालेही. "सुंदर आहे," मी म्हणाले. तोंडाला काही झालं नाही.

मिस्टर ऑकली दगडामागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खरंच की, इथे वारा लागत नाही!" त्यांनी बायकोला हाक मारली. त्या गेल्या, उभ्या राहिल्या आणि दोघं हळू आवाजात काही बोलत बराच वेळ तिथेच थांबले. शेल्बी टोपी काढून कपाळ पुसत होती. परत आल्यावर मिस्टर ऑकली बाबांना म्हणाले, "संध्याकाळी बोलू या का आपण?" बाबा म्हणाले, "बोलू की." दोघांनी हात मिळवले. आमच्याकडे तेवढं पुरतं.

उतरायला लागलो तेव्हा ज्युडिथबाईंनी माझा हात धरला होता, उतार निसरडा म्हणून. भल्या बाई, त्यांना सगळ्यांसाठी काहीतरी चांगलं बोलायचं होतं. बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी किती गुणी आहे हो! केव्हापासून न सांगता माझ्या बऱ्या कानाच्या बाजूने चालतेय. अभिमान वाटत असेल तुम्हाला."

बाबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळे बारीक करून.

"हिचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "लोकांचे कान तपासत हिंडते, स्वतः कुणाचं ऐकेल तर शपथ. कॉफी करते ती भांडी विसळल्यासारखी. लहानपणी फाटक उघडं टाकून अख्खी गुरं हॅगर्टीच्या शेतात घातली होती हिनं. आणि आताच बघितलंत ना, तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळवते."

ज्युडिथबाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि त्यांनी माझा हात जास्तच घट्ट धरला. शेल्बी आभाळाकडे बघू लागली. मी मान वळवली, कारण डोळे भरून आले होते आणि पायाखालची वाट दिसत नव्हती.

"आणि माझं शिवण?" मी म्हणाले. "शिवणाचं सांगा ना, बाबा."

"शिवण!" बाबा म्हणाले. "ते तर विचारूच नका."